भुकेला कोंडा

गव्हाच्या भिजवलेल्या दाण्याचा अगदी पातळ आडवा काप अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की दाण्याचा मधला सगळा भाग, ज्याचा पुढं मैदा होतो तो, अंधारातच राहतो. कडेला मात्र सालीला आतून चिकटून जाड भिंतींच्या चौकोनी पेशींची एक ओळ असते. त्या भिंती लख्ख निळ्या उजळतात. कापाला कुठलाही रंग लावलेला नसतो. हा उजेड फेरुलिक आम्लाचा. ते दाण्यात नेमकं कुठं साठलेलं असतं, हे इतक्या सरळपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही. पेशींच्या या थराला अल्यूरोन म्हणतात आणि मैदा काढताना तो कोंड्याबरोबर निघून जातो. गव्हाच्या दाण्यात वजनानं साधारण १४-१५ टक्के कोंडा, २-३ टक्के अंकुर आणि बाकी सारा पिष्टमय गाभा असतो. हे पुस्तक त्या १४-१५ टक्क्यांविषयी आहे.

फेरुलिक आम्ल हे या गोष्टीतलं एक पात्र. ते पहिल्यांदा १८६६ मध्ये वेगळं केलं गेलं, तेही धान्यातून नव्हे तर हिंगाच्या राळेतून. त्याच्या जोडीला ओट्समधली अव्हेनँथ्रामाइडं आहेत, तांदळाच्या कोंड्यातलं ओरायझॅनॉल आहे, गहू आणि राय यांच्या सालीतली अल्किलरेसॉर्सिनॉलं आहेत, नाचणीच्या तपकिरी सालीतली टॅनिनं आहेत, रंगीत ज्वारीतली काळी-तांबडी रंगद्रव्यं आहेत. शरीरातला दाह शमवण्याचा गुण या सगळ्यांत दिसतो, असं गेल्या काही दशकांतलं संशोधन सांगतं. पण ‘दिसतो’ म्हणजे कुठं दिसतो? काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींत, उंदराच्या कानावर, की जेवून उठलेल्या माणसाच्या रक्तात? या तीन ठिकाणचे पुरावे सारख्या तोलाचे नाहीत. मराठीत या विषयावर जे लिहिलं जातं त्यात ते सर्रास एकाच मापानं मोजले जातात. ते वेगवेगळे मोजावेत आणि मोजून झाल्यावर हाती जे उरेल ते मोकळेपणानं सांगावं, यासाठी मी हे पुस्तक लिहायला घेतलं.

आधी दाहाविषयी. पायात काटा मोडला की जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. या चार खुणा रोमन लेखक सेल्सस यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवल्या आणि वैद्यकाचे विद्यार्थी आजही त्याच पाठ करतात. हा दाह आपल्या कामाचा असतो. जंतू मारले जातात, मेलेल्या पेशींची सफाई होते, जखम भरते आणि काम संपलं की दाह ओसरतो. त्रास देतो तो दुसरा दाह. त्याला ना लाली, ना ठणका. तो वर्षानुवर्षं मंद चालू राहतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, यकृतात, पोटाच्या घेरात साठलेल्या चरबीत तो असतो आणि त्याचा पत्ता लागतो तो रक्ताच्या तपासणीत. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, हे तपासणीच्या कागदावर आता ओळखीचं झालेलं नाव. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम सापडलं. पुढं त्याची फार बारीक पातळी मोजता येऊ लागली. वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसांतही ती थोडी चढलेली असू शकते आणि अशा माणसांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो, हे मग ध्यानात आलं. मधुमेह, लठ्ठपणा, संधिवात, आतड्याचे काही आजार, या सगळ्यांच्या मुळाशी किंवा सोबतीला हा मंद दाह असतो.

पेशीच्या आत हा दाह चालू करणारी एक कळ आहे. तिचं नाव एनएफ-कप्पा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ती १९८६ मध्ये शोधली. एरवी हे प्रथिन पेशीत एका दुसऱ्या प्रथिनाला जखडलेलं, निष्क्रिय पडून असतं. जंतूची चाहूल लागली, इजा झाली, की जखडून ठेवणारं प्रथिन मोडलं जातं, एनएफ-कप्पा-बी मोकळं होऊन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि दाहाचे निरोप धाडणारी जनुकं जागी करतं. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ ही त्या निरोपांची नावं पुढं वारंवार येतील. ‘कॉक्स-२’ हे वितंचकही याच कळीच्या हुकमानं तयार होतं. वेदना आणि सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिनं ते बनवतं. प्रोस्टाग्लँडिनं बनण्याची ही वाट अॅस्पिरिन अडवतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि त्या कामाबद्दल त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. धान्यातली फेनॉलिक संयुगंही बशीतल्या पेशींमध्ये याच कळीपाशी आडवी येताना दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी एवढं कुतूहल आहे. मात्र अॅस्पिरिनची गोळी एक ठरावीक मात्रा रक्तात पोचवते. भाकरी काय पोचवते, हे पाहायला बराच लांबचा रस्ता चालावा लागतो.

त्या रस्त्याला लागण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. ही संयुगं वनस्पतीनं आपल्यासाठी तयार केलेली नाहीत. ज्वारीच्या कोवळ्या पानावर बुरशीचा हल्ला झाला की हल्ल्याच्या जागेभोवतीच्या पेशी तांबूस-नारिंगी रंगद्रव्यानं भरतात आणि बुरशीची वाट रोखतात. अपिजेनिनिडिन आणि ल्युटिओलिनिडिन ही ती रंगद्रव्यं. काही जातींत ती दाण्याच्या सालीतही उतरतात. ओट्सच्या पानातली अव्हेनँथ्रामाइडं तांबेरा रोगाविरुद्ध असंच काम करतात. आफ्रिकेत जिथं पाखरांची धाड पीक फस्त करते, तिथं मुद्दाम टॅनिनवाली ज्वारी पेरतात, कारण तिची तुरट चव पाखरांना नको असते. बुरशी, कीड आणि पाखरं यांना दूर ठेवण्यासाठी घडलेली रसायनं आपल्या शरीरात गेल्यावर उपकारच करतील, असं मानायला काही आधार नाही. काही करतात, काही काहीच करत नाहीत, काही अपायही करतात. सुदानमध्ये जिथं बाजरी हेच मुख्य अन्न होतं, तिथं गलगंडाचं प्रमाण मोठं होतं. बाजरीतली फ्लेव्होन वर्गातली संयुगं थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, हे त्या भागातल्या बाजरीवर झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. आपल्याकडे बाजरी हिवाळ्यात, इतर धान्यांसोबत आणि आयोडीनयुक्त मिठासह खाल्ली जाते, त्यामुळं घाबरण्याचं कारण नाही. पण ‘नैसर्गिक आहे म्हणजे चांगलंच’ हा युक्तिवाद या पुस्तकात तुम्हाला कुठंही सापडणार नाही.

आता ज्वारी. तिच्यावर मी या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण खर्च केलं आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा तिच्याबाबत होतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये ज्वारीच्या वेगवेगळ्या जातींच्या कोंड्याचा अर्क काढून पाहिला. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जंतूच्या विषानं डिवचलं, की त्या टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१-बीटा सोडतात. काळ्या ज्वारीच्या कोंड्याच्या अर्कानं ते सोडणं लक्षणीय घटलं. उंदराच्या कानाला रसायन लावून सूज आणली, तर काळ्या आणि सुमॅक नावाच्या टॅनिनवाल्या जातीच्या अर्कानं ती सूज कमी झाली. ‘ज्वारी दाहशामक आहे’ या वाक्याला आज जे आधार दिले जातात, त्यांत हा एक ठळक. पण त्याच प्रयोगात पांढऱ्या ज्वारीचा कोंडाही तपासला होता. त्याचा परिणाम शून्य. गहू, ओट्स आणि तांदूळ यांच्या कोंड्याच्या अर्काचाही परिणाम दिसला नाही.

आपल्या भाकरीची ज्वारी कुठली? रब्बीची मालदांडी. मोहोळच्या केंद्रावर निवड होऊन जिचं एम-३५-१ झालं, ती. मंगळवेढ्याच्या ज्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तीही मालदांडीच. मोत्यासारखा टपोरा, पांढरा, चमकदार दाणा हीच तिची ओळख, आणि आडतीवर भावही त्यालाच. त्या दाण्याला टॅनिनचा थर नाही, काळी रंगद्रव्यंही नाहीत. जॉर्जियातल्या काळ्या ज्वारीचा निकाल मंगळवेढ्याच्या भाकरीच्या नावावर जमा करता येत नाही. याचा अर्थ मालदांडीच्या सालीत काहीच नाही असा नव्हे. फेरुलिक आम्ल तिच्यातही असतं आणि भाकरीचं पीठ बहुतेक घरांत न चाळता वापरतात, म्हणून ते ताटात पोचतंही. मात्र त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती आतड्यात घडते. ती पुढं येईलच.

इथं एक इशारा जरा जोर देऊन देते. काळी ज्वारी म्हणजे मूळची रंगीत जात. तिचा दाणा कणसावर उन्हात पिकताना काळा होतो. खरिपाच्या काढणीला पावसात सापडून जी ज्वारी काळी पडते, ती बुरशीनं काळी झालेली असते. तिचे औषधी गुण तर नाहीतच, वर ती विषारी असू शकते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत भिजलेली, बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाण्यात आल्यानं पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली होती. त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचं विष आढळलं. ‘काळी ज्वारी चांगली असते म्हणे’ असं ऐकून कुणी बाजारातली स्वस्त, काळवंडलेली ज्वारी घरी आणू नये.

ओट्स हे आपल्या मातीतलं धान्य नाही, पण शहरातल्या बऱ्याच घरांत सकाळच्या वेळी ते आता असतंच. शिवाय या विषयातला सगळ्यात नीटनेटका पुरावा त्याच्याबाबत जमला आहे. ओट्सच्या पिठाची भुकटी पाण्यात कालवून खाजऱ्या कातडीला लावण्याचा उपाय युरोपात जुना. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं अशा बारीक दळलेल्या ओट्सना त्वचेचं संरक्षण करणारा पदार्थ म्हणून मान्यता दिली. त्यामागचं रसायन कोणतं, हे शोधताना अव्हेनँथ्रामाइडं पुढं आली. त्यांची रचना जपानमध्ये अॅलर्जीवर वापरल्या जाणाऱ्या ट्रॅनिलास्ट या औषधाशी जवळची आहे. त्वचेच्या पेशींत ती एनएफ-कप्पा-बीला अडवतात आणि रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींना पांढऱ्या पेशी चिकटणं कमी करतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.

त्वचेवर लावणं सोपं आहे, कारण संयुग जिथं हवं तिथंच आपण ते ठेवतो. खाण्याचं गणित निराळं. बशीतल्या पेशींना परिणाम दिसेपर्यंत जितकी मात्रा द्यावी लागते, तिच्या शेकडो पटीनं कमी मात्रा ओट्स खाल्ल्यावर रक्तात सापडते. अव्हेनँथ्रामाइडांचा अर्क पाजून माणसांचं रक्त तपासलं, तेव्हाही आकडे नॅनोमोलच्या पुढं फारसे गेले नाहीत. मग खाऊन काही होतं का? मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना ८ आठवडे रोज ओट्सची बिस्किटं दिली. एका गटाच्या बिस्किटांत अव्हेनँथ्रामाइडं ९.२ मिलिग्रॅम, दुसऱ्याच्या ०.४ मिलिग्रॅम. नंतर त्यांना उतारावरून चालायला लावलं, कारण उतारावर चालल्यानं स्नायूंना सूक्ष्म इजा होते आणि दाह उठतो. जास्त मात्रेच्या गटात हा दाह कमी दिसला. २०१४ चा हा अभ्यास मला आवडतो. त्यात औषधी अर्काची बाटली नाही, बिस्किट आहे, आणि बिस्किटातली मात्रा मोजलेली आहे. पण स्त्रिया मोजक्याच होत्या. एका छोट्या प्रयोगावर आहाराचा नियम उभा करता येत नाही.

याच पुस्तकात फेरुलिक आम्लाच्या एका प्रयोगाचीही चर्चा आहे. थायलंडमध्ये रक्तातली चरबी वाढलेल्या लोकांना ६ आठवडे रोज १००० मिलिग्रॅम फेरुलिक आम्ल दिलं गेलं आणि त्यांचं सीआरपी सुमारे एक तृतीयांशानं उतरलं. निकाल चांगला आहे. पण एवढं फेरुलिक आम्ल पोळीतून मिळवायचं ठरवलं तर दिवसाला किलोभर तरी कणीक खावी लागेल. आणि ती खाल्ली तरी ते मिळणार नाही, कारण दाण्यातलं ९० टक्क्यांहून अधिक फेरुलिक आम्ल मोकळं नसतंच. अल्यूरोनच्या त्या निळ्या भिंतींत अरॅबिनोझायलॅन नावाच्या तंतूला ते रासायनिक बंधानं घट्ट जोडलेलं असतं. आपल्या जठरातलं आम्ल आणि लहान आतड्यातले पाचकरस हा बंध तोडू शकत नाहीत. कोंडा तसाच पुढं मोठ्या आतड्यात जातो.

विषयाचा खरा गाभा इथून सुरू होतो. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे हा बंध तोडणारी वितंचकं असतात. ते तंतू खातात आणि फेरुलिक आम्ल हळूहळू, तासन्तास सुटत राहतं. त्यातलं काही तिथंच बदलून डायहायड्रोफेरुलिक आम्ल होतं आणि रक्तात शिरतं. तंतू आंबवताना जिवाणू ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्लंही तयार करतात. ही मेदाम्लं दाहाला आवर घालणाऱ्या टी-पेशींची संख्या वाढवतात, हे २०१३ मध्ये एकापेक्षा अधिक प्रयोगशाळांनी उंदरांत दाखवलं. तंतू आणि फेनॉल हे दोघे इथं जोडीनं काम करतात. त्यांना वेगळं करून फेनॉलचीच गोळी बनवणं म्हणजे अर्धं काम टाकून देणं, असं माझं मत या विषयावरचं वाचन करता करता पक्कं होत गेलं.

इटलीत नेपल्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच वाटेवरचा. वजन जास्त असलेल्या, भाजी-फळं कमी खाणाऱ्या लोकांच्या एका गटाला त्यांनी रोज ७० ग्रॅम अख्ख्या गव्हाचा पदार्थ दिला, दुसऱ्याला तेवढाच मैद्याचा. अख्ख्या गव्हाच्या गटात रक्तातलं डायहायड्रोफेरुलिक आम्ल वाढलं आणि ८ आठवड्यांनी टीएनएफ-अल्फा उतरलं. आतड्यातल्या जिवाणूंची वस्तीही बदलली. ७० ग्रॅम म्हणजे काही अघोरी मात्रा नाही. आपल्या ताटात ती सहज बसते.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचा प्रयोग तर आपल्या स्वयंपाकघराच्या अगदी जवळ येतो. तिथं कोंडा आधी यीस्ट आणि वितंचकं घालून आंबवला आणि मग त्याचा पाव केला. तो पाव खाणाऱ्या पुरुषांच्या रक्तात फेरुलिक आम्ल नेहमीच्या अख्ख्या गव्हाच्या पावापेक्षा दुप्पट-तिप्पट उतरलं. त्यांचं रक्त काढून बाहेर जंतुविषानं डिवचलं, तेव्हा दाह वाढवणाऱ्या निरोपांचं दाह शमवणाऱ्या निरोपांशी असलेलं प्रमाण घटलेलं होतं. आंबवणं म्हणजे मोठ्या आतड्यातलं थोडं काम आधीच भांड्यात उरकून घेणं. आपल्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवतात आणि सकाळी त्याची आंबील करतात. त्या भांड्यातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू फेनॉलिक आम्लांचे काही बंध तोडू शकतात. आंबील पिऊन माणसांच्या रक्तात काय बदलतं, हे मास्ट्रिख्टच्या तोडीच्या काटेकोरपणानं मोजायला हवं. ते काम आपल्या विद्यापीठांचं आहे आणि ते करायला महागडं काही लागत नाही.

मोड आणण्यानंही बंध सुटतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत २००२ मध्ये झालेल्या कामात दिसलं, की नाचणीला मोड आणले की तिच्यातली बांधलेली फेनॉलिक आम्लं कमी होतात आणि मोकळी वाढतात. हे वाचलं की साहजिकच नाचणीचं सत्त्व आठवतं. पण सत्त्व कसं करतात ते नीट पाहा. नाचणी भिजवून, कुठं मोड आणून, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये पाणी घालून वाटतात. ते वाटण धोतराच्या किंवा मलमलीच्या फडक्यातून गाळतात. पिळून पिळून दुधासारखं पाणी खाली पातेल्यात जातं आणि फडक्यात तपकिरी, खरखरीत चोथा राहतो. पातेलं झाकून ठेवलं की तळाशी पांढुरकं सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून देतात आणि सत्त्वाच्या वड्या उन्हात वाळवतात. नाचणीची टॅनिनं आणि बांधलेलं फेरुलिक आम्ल कुठं गेलं? फडक्यात. बाळासाठी हेच बरोबर आहे. त्याला पचायला हलकं हवं असतं आणि टॅनिनं लोहाच्या आड येतात, तेव्हा ती गेलेली बरी. पण मधुमेह झालेल्या आजोबांना ‘नाचणी चांगली’ म्हणून सत्त्वाची खीर देणं वेगळं आणि सालीसकट दळलेल्या पिठाची भाकरी देणं वेगळं. धान्याचं नाव तेच राहतं, आत जाणारा माल बदलतो. जुन्या बायकांना हा फरक चांगला ठाऊक असतो. हल्लीच्या पाकिटांवर मात्र दोन्हींवर नुसतं ‘नाचणी’ लिहिलेलं असतं.

तांदळाविषयी थोडक्यात. कोंड्याचं महत्त्व विज्ञानाला प्रथम कळलं ते तांदळामुळंच. १८९० च्या दशकात जावा बेटावर बटाव्हियात क्रिस्तियान आइकमान यांच्या कोंबड्या पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाऊन लुळ्या पडत होत्या आणि पॉलिश न केलेला तांदूळ मिळाला की उठून उभ्या राहत होत्या. त्यातून बेरीबेरीचं कोडं सुटलं, ‘ब’ जीवनसत्त्वाचा माग लागला आणि १९२९ मध्ये आइकमान नोबेलचे मानकरी ठरले. त्या कोंड्यातली दाहशामक संयुगं हे त्याच कथेचं पुढचं प्रकरण. तांदूळ मुळात लालच होता. एका जनुकातली डीएनएची १४ अक्षरं गळाली आणि सालीतलं लाल रंगद्रव्य तयार होणं थांबलं. जगातल्या बहुतेक पांढऱ्या तांदळात हाच एक बदल आहे, हे २००६ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी शोधून काढलं. माणसाला पांढरा दाणा भावला आणि त्यानं तो जगभर नेला. गोव्याच्या खाजन शेतात खाऱ्या पाण्याला तोंड देत पिकणारं कोरगुट, कोकणातल्या लाल भाताच्या जाती, ही ते रंगद्रव्य अजून राखलेली वाणं. पण लाल भात गिरणीत पांढरा होईस्तोवर घासला तर तो आणि कोलम यांत या बाबतीत फरक राहत नाही.

प्रयोगशाळेतून बाहेर येऊन माणसांच्या मोठ्या समूहाकडे पाहिलं तर? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९८६ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या स्त्रियांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या २७ हजारांहून अधिक स्त्रियांचा १७ वर्षांचा लेखाजोखा २००७ मध्ये मांडला गेला. ज्या अख्खं धान्य जास्त खात, त्यांच्यात दाहाशी संबंधित आजारांनी होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होते. आकडा मोठा आहे. पण अख्खं धान्य खाणाऱ्या बायका सिगरेट कमी ओढतात, चालतात जास्त, हेही खरं असतं आणि संख्याशास्त्रानं ते कितीही वजा केलं तरी थोडं उरतंच. उलट बाजूनं, इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक जाड माणसांना १६ आठवडे अख्खं धान्य खायला दिलं तेव्हा दाहाच्या खुणांत काहीही फरक पडला नाही. २०१० चा हा प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता आणि तो मी या पुस्तकात सविस्तर दिला आहे. ज्यांना अख्ख्या धान्याची बाजू मांडायची असते, ते नेमका तोच वगळतात. नेपल्स आणि इंग्लंड यांचे निकाल वेगळे का आले? धान्य वेगळं, पदार्थ वेगळे, माणसं वेगळी, त्यांच्या आतड्यातले जिवाणू वेगळे. माझा कल शेवटच्या कारणाकडे आहे. पिढ्यान्‌पिढ्या मैदा खाल्लेल्या पोटात कोंडा पोचला तरी त्याचे बंध सोडवणारं तिथं कुणी नसेल, तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो.

दाण्यात दाह वाढवणारी द्रव्यंही असतात आणि त्यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. गव्हातली अमायलेज-ट्रिप्सिन रोधक नावाची प्रथिनं काही जणांच्या आतड्यात प्रतिकारशक्तीला डिवचतात, हे २०१२ मध्ये स्पष्ट झालं. सीलिअॅक आजार असलेल्याला तर गव्हाची, जवाची आणि रायची चिमूटही वर्ज्य. कोंडा असो वा मैदा. पण सीलिअॅकच्या रुग्णाचा नियम सगळ्या गावाला लावून ‘गहू म्हणजेच दाह’ असं सांगणारेही चुकतातच. याहून मला काळजी वाटते ती लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. कोंड्यातली फायटेटं आणि टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. रक्त कमी असलेल्या मुलीला नुसता ‘कोंडा खा’ असं सांगणं बरोबर नाही. तिच्या भाकरीबरोबर लिंबू, आवळा, कच्ची कोबी किंवा हिरव्या मिरचीचा ठेचा असं काही ‘क’ जीवनसत्त्व असलेलं हवं आणि जेवणाला लागून चहा नको. तिच्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या कुठल्याही धान्याच्या भरवशावर बंद करू नयेत. हेच संधिवाताच्या रुग्णांनाही कळकळीनं सांगते. नाचणी आणि ओट्स खा, पण डॉक्टरांनी दिलेलं मेथोट्रेक्सेट स्वतःच्या मनानं थांबवू नका. सांधा एकदा झिजला की कुठल्याही धान्यानं तो भरून येत नाही.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. आपल्याकडे त्यांना ‘श्री अन्न’ हे नाव मिळालं आणि दुकानांत नाचणीची बिस्किटं, ज्वारीचे पोहे, बाजरीचे पास्ते दिसू लागले. कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळाले तर मला आनंदच आहे. पण पाकिटावर पुढं मोठ्या अक्षरांत ‘नाचणी’ आणि मागं घटकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर मैदा, हे पाहिलं की राग येतो. घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, तेव्हा ती यादी वाचावी. कोंड्यासकट धान्य आहे की त्याचं पॉलिश केलेलं पीठ, हे विचारावं. वरी, राळा अशी धान्यंही हल्ली पांढरी होईस्तोवर घासून विकली जातात आणि मग त्यांच्यात व तांदळात फार अंतर उरत नाही.

पुस्तकाची मांडणी धान्यवार केली आहे. ज्यांना रसायनशास्त्राचा कंटाळा आहे त्यांनी दुसरं प्रकरण गाळून थेट ज्वारीवर यावं, बिघडणार काही नाही. प्रत्येक धान्याच्या प्रकरणात कुठला दावा पेशींवर तपासला गेला, कुठला जनावरांवर आणि कुठला माणसांवर, हे वेगवेगळं लिहिलं आहे. माणसांवरचा पुरावा जिथं तुटपुंजा आहे तिथं प्रकरणही आखूड आहे. बाजरीचं आणि वरईचं प्रकरण त्यामुळंच चार-पाच पानांत आटोपलं. शेवटचं प्रकरण पैदासकारांसाठी आहे. गेली कित्येक दशकं आपण ज्वारीचा दाणा अधिकाधिक पांढरा, नाचणी अधिकाधिक फिकट आणि तांदूळ अधिकाधिक शुभ्र करत आलो, कारण बाजार तेच मागतो आणि भावही तोच देतो. रंगीत सालीचे जुने वाण जनुकपेढ्यांत आणि डोंगराळ भागातल्या काही शेतांत अजून आहेत. त्यांतले कुठले भाकरीला चांगले, कुठल्यांत टॅनिन इतकं जास्त की लोह आणि प्रथिनं अडतील, आणि कुठल्यांत रंगद्रव्यं असूनही चव तुरट नाही, याची नोंद वाणवार आणि जिल्हावार करता येईल. मला सुचलेला तक्ता त्या प्रकरणात दिला आहे. त्याचे बहुतेक रकाने रिकामे आहेत आणि कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी ते भरायला घ्यावेत म्हणून ते तसेच छापायला मी प्रकाशकांना सांगितलं.